कालवांबरोबर निघालेलं लाल शैवाल

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी खाड्यांमध्ये ओहोटी लागली की चिखलावर तपकिरी-लालसर, ओल्या केसांच्या गुंत्यासारखं शैवाल पसरलेलं दिसतं. हे ग्रॅसिलारिया व्हर्मिक्युलोफिला. मूळचं जपान-कोरियाकडच्या समुद्रातलं. त्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली जपानमध्ये झाली.

ते मुद्दाम कोणीच नेलं नाही. नेली ती कालवं. विसाव्या शतकात जपानच्या मियागी भागातून कालवांचं बीज, म्हणजे शिंपल्यांना चिकटलेली इवली पिल्लं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षानुवर्षं जात होतं. पुढे फ्रान्समध्ये पोर्तुगीज कालवं विषाणूच्या रोगाने संपली आणि १९७०च्या दशकात तिथल्या व्यावसायिकांनी जपान आणि कॅनडातून पॅसिफिक कालवं भरभरून आणली. शिंपल्यांना काय काय चिकटून येतंय, हे बघायला फुरसत कोणाला होती? धंदाच बुडत होता.

हे शैवाल उशिरा ओळखलं गेलं याचं कारण त्याचं रूप. स्थानिक ग्रॅसिलारियापासून ते नुसत्या डोळ्यांनी वेगळं काढणं जवळपास अशक्यच. युरोपात ते ठामपणे ओळखलं गेलं डीएनए तपासणी हाताशी आल्यावर, तोवर ते चांगलं मुरलं होतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बाहेर पसरलेल्या शैवालाचा माग बहुतांशी होन्शू बेटाच्या ईशान्य किनाऱ्याला, म्हणजे मियागीच्याच परिसराला जाऊन भिडला.

खरी गंमत पुढे आहे. मायदेशी हे शैवाल दगड-शिंपले धरून वाढतं. त्याच्या जीवनचक्रात गुणसूत्रांचा एकच संच असलेले नर-मादी आणि दोन संच असलेली, बीजाणू सोडणारी पिढी, असे आळीपाळीने येतात. पण बीजाणूंना रुजायला टणक जागा लागते आणि परक्या खाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी चिखलच. तिथे चक्र अडतं. उरतात ती मुख्यतः दोन संचांची झाडं, तीही सुटी, तरंगणारी, तुकड्या-तुकड्यांनी वाढणारी. लैंगिक पुनरुत्पादन जवळजवळ थांबलं, तरी पसरणं काही थांबलं नाही! अंधारात पाच महिन्यांहून जास्त काळ तग धरण्याइतकं ते चिवट आहे.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर तर त्याला आयता सोबती मिळाला. तिथला डायोपॅट्रा नावाचा किडा चिखलात नळीसारखं घर बांधतो आणि शिंपल्यांचे, शैवालाचे तुकडे त्या नळीला चिकटवतो. वाहत आलेलं हे शैवाल त्याने असंच अडकवलं आणि एरवी उघड्या-बोडक्या चिखलावर रान उभं राहिलं. त्यात बारीक कवचधारी जीव गर्दी करतात. त्यामुळे याला सरसकट खलनायक ठरवणं मला पटत नाही. पण सागरी गवतावर त्याचे दाट थर साचले की गवताला उजेड मिळत नाही, हेही तितकंच खरं. आणि उपटून काढावं म्हटलं, तर तुटून मागे राहिलेला तुकडाही पुन्हा वाढू शकतो.