आधी डोंगर, मग समुद्र

स्कूबा डायव्हिंगची बातमी आली की 'पाठीवर ऑक्सिजनचं सिलिंडर बांधून' हे शब्द हमखास येतात. त्या सिलिंडरमध्ये असते साधी हवा, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेत सहा मीटरच्या खाली गेलं तर तोच मेंदूला विषारी ठरतो आणि पाण्यातच झटके येऊ शकतात. हा गैरसमज मला खटकतो, कारण त्यापायी हवेतला ७८ टक्के नायट्रोजन विसरला जातो. ज्वालामुखी बेटावर सुट्टी घालवणाऱ्याने खरी काळजी घ्यायची ती त्याचीच.

हवाईचं सगळ्यात मोठं बेट, 'बिग आयलंड', घ्या. त्याचा पश्चिमेकडचा कोना किनारा उंच डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे तिथलं पाणी बहुधा शांत आणि नितळ असतं. तळाशी लाव्हाच्या कमानी आणि बोगदे आहेत. रात्री डायव्हर तळाशी बसून दिवे वर रोखतात, उजेडात सूक्ष्म प्लवक जमतात आणि ते खायला मांटा रे येतात. तीन-चार मीटर रुंदीचा तो मासा तोंड सताड उघडून डोक्याजवळ कोलांटी घेतो, तेव्हा पांढऱ्या पोटावरच्या कल्ल्यांच्या चिरासुद्धा मोजता येतात.

याच बेटावर मौना की हा ४२०७ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. शिखरावर दुर्बिणी आहेत आणि तिथपर्यंत गाडीरस्ता जातो. किनाऱ्यावरून निघालं की दोनेक तासांत माणूस वर. त्यामुळे सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी शिखरावरून सूर्यास्त असा बेत सहज आखला जातो. तो धोक्याचा आहे.

समुद्रसपाटीचा हवेचा दाब १ धरू. पाण्यात दर १० मीटरला तो साधारण १ ने वाढतो, म्हणजे २० मीटरवर ३. फुप्फुसात तिप्पट दाबाची हवा आली की नायट्रोजन रक्तात आणि तिथून ऊतींमध्ये विरघळत जातो. शरीर तो वापरत नाही, नुसता साठवतं. वर आल्यावर तो आला त्याच वाटेने श्वासातून बाहेर पडतो. अडचण वेगाची आहे. बाहेरचा दाब फार झपाट्याने उतरला तर नायट्रोजनला रक्तातून फुप्फुसापर्यंत जायला सवड मिळत नाही आणि जागच्या जागी बुडबुडे होतात. सांध्यात झाले तर असह्य दुखतं, मणक्यात झाले तर पाय लुळे पडू शकतात.

किती उतार चालतो, हे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ साली मांडलं. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी दाबाच्या कोठीत शेळ्या ठेवल्या. बाहेर आल्यावर शेळी एक पाय उचलून धरू लागली की त्या सांध्यात दुखतंय हे कळायचं. त्यांना दिसलं की दाब निम्म्यावर आला तरी सहसा निभावतं. महत्त्वाचं असतं ते गुणोत्तर, किती आकडे उतरला हे नव्हे.

दुसरी कल्पना मला त्याहून सुंदर वाटते. सगळ्या ऊती एकाच वेगाने नायट्रोजन घेत नाहीत आणि सोडतही नाहीत. पावसाळ्यात पंचा लवकर वाळतो, गोधडी दोन दिवस ओली राहते, तसंच हे. भरपूर रक्तपुरवठ्याच्या ऊती झटपट रिकाम्या होतात, कमी रक्तपुरवठ्याच्या फार सावकाश. हॉल्डेन यांनी प्रत्येक गटाला एक अर्धकाळ दिला: तेवढ्या वेळात ऊतीतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक निम्मा होतो. पुढे झुरिचच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी असे १६ गट मानले, ४ मिनिटांपासून ६३५ मिनिटांपर्यंत. डायव्हरच्या मनगटावरचे अनेक संगणक आज हाच हिशेब करतात.

आता ४० मिनिटं अर्धकाळाची ऊती घ्या. २० मीटरवर ४० मिनिटं राहिलं की ती १ वरून ३ च्या निम्म्या वाटेवर, म्हणजे २ वर पोचते. पृष्ठभागावर दाब १, गुणोत्तर दोनास एक, हॉल्डेन यांच्या नियमाने अगदी काठावर. मौना कीच्या शिखरावर दाब साधारण ०.६ आहे, म्हणजे तिथे १.२ पेक्षा जास्त चालणार नाही. या ऊतीला तिथवर उतरायला दीड तास पुरतो. पण ६३५ मिनिटांच्या ऊतीत २४ तासांनीही जास्तीच्या नायट्रोजनचा पाचवा हिस्सा उरतो, आणि रोज डायव्हिंग केलं तर तो साठत जातो. शिवाय पाण्यात पाऊलही न टाकता शिखरावर गेलं तरी गुणोत्तर १.६७ होतं. मोकळीक मुळातच थोडी.

म्हणून मौना कीच्या माहिती केंद्राची सूचना आहे की डायव्हिंगनंतर २४ तास वर येऊ नका. कोनाहून हिलोला जाणारा खिंडीचा रस्ताही सुमारे २००० मीटरवर चढतो आणि किलाउएया ज्वालामुखीचा माथा १२०० मीटरवर आहे, तेही हिशेबात धरायला हवं. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण २४०० मीटर उंचीइतका खाली येऊ शकतो. त्यासाठीचा प्रचलित सल्ला असा: एकच साधी डाइव्ह असेल तर निदान १२ तास, अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर निदान १८ तास थांबा.

या बेटावरून लाव्हाचा दगड नेला तर पेले देवी कोपते अशी पर्यटकांत समजूत आहे, आणि लोक खरोखर दगड टपालाने परत पाठवतात. दगड नेऊच नये, राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे. पण शापाला घाबरणाऱ्या माणसाने नायट्रोजनचा हिशेब न करता शिखर गाठावं, याचं मला वाईट वाटतं.

तारकर्लीला पर्यटकांना नेतात ती खोली जेमतेम काही मीटर असते, त्यामुळे परतताना सुमारे ७०० मीटरवरच्या आंबोली घाटाची धास्ती नको. मात्र रीतसर शिकून खोल आणि वारंवार उतरणाऱ्यांनी घाट दुसऱ्या दिवशी चढावा. हवाईत तर क्रमच उलटा लावा: आधी मौना की, मग कोना, शेवटचा दिवस किनाऱ्यावर. डायव्हिंगनंतर सांधा दुखू लागला किंवा हातापायाला मुंग्या आल्या तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. उंचावर असाल तर खाली उतरा, ऑक्सिजन लावून घ्या आणि दाबाची कोठी असलेलं रुग्णालय गाठा; तिथे दाब पुन्हा वाढवून बुडबुडे विरघळवतात.