सरकारी वकिलांच्या कामाचा हिशोब आरटीआयने कसा मागायचा? अर्ज, पात्रता, कागदपत्रं

आरोपी सुटला की लोक पोलिसांना बोलतात, कोर्टाला बोलतात, पण सरकारतर्फे केस चालवणाऱ्या वकिलाचं काम कसं झालं हे कोणी विचारतच नाही. आमच्या ओळखीतल्या एका केसमध्ये साक्षीदार फितूर झाले, आरोपी सुटला आणि पुढे अपील का केलं नाही हे घरच्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. खरं तर सुप्रीम कोर्टाने ७ जानेवारी २०१४ ला गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या निकालात सगळ्या राज्यांना सांगितलंय की पोलीस आणि अभियोग विभागाच्या (म्हणजे सरकारतर्फे खटले चालवणाऱ्या विभागाच्या) वरिष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमा आणि प्रत्येक सुटकेमागे काय चुकलं ते तपासून नोंदवून ठेवा. मागायची ती हीच नोंद.

आधी फुकटचं काम करून घ्या. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर १६ अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला की केसच्या तारखा आणि निकाल दिसतो, आणि नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर जिल्हावार किती केसेस पडून आहेत ते कळतं. जे तिथे आहे ते अर्जात परत विचारू नका.

अर्ज कोण करू शकतो? भारताचा कुठलाही नागरिक. केसशी संबंध असायची गरज नाही आणि माहिती कशाला हवी हे विचारायचा अधिकार माहिती अधिकार कायद्याच्या (आरटीआय) कलम ६(२) प्रमाणे ऑफिसला नाही.

कुठे द्यायचा यात बरेच जण चुकतात. महाराष्ट्रात मॅजिस्ट्रेट कोर्टातले सहायक सरकारी अभियोक्ता (तिथले सरकारी वकील) एमपीएससीतून येतात, ते गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली. सेशन कोर्टातले जिल्हा सरकारी वकील मात्र विधि व न्याय विभाग नेमतो. तरी चुकीच्या ऑफिसला गेलाच तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच ५ दिवसांत पुढे पाठवायचा असतो.

लागतं काय तर जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडा. राज्य सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन पण होतो. झेरॉक्सचे पानाला २ रुपये नंतर भरायचे.

आता मजकूर, खरी मेहनत इथे आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. "आरोपी का सुटला?" असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही, कारण कायद्याने रेकॉर्डवर असलेलीच माहिती मिळते. असं लिहा: "१ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात निकाल लागलेल्या केसेस किती, शिक्षा किती, सुटका किती, सुटकेविरुद्ध अपिलाचे प्रस्ताव किती पाठवले, आणि सुटकांचा आढावा घेणाऱ्या समितीच्या बैठकांचं इतिवृत्त." नावं मागू नका, विशेषतः पीडितांची, नाहीतर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो.

दुसरा अर्ज मंजूर पदं किती, भरलेली किती आणि एकेका वकिलाकडे केसेस किती यासाठी टाका. हा मला तेवढाच महत्त्वाचा वाटतो, कारण नुसत्या शिक्षेच्या टक्केवारीवरून वकिलाला दोष देणं बरोबर नाही, तपास कच्चा असतो, साक्षीदार फिरतात, आणि एकाच माणसाने दोन-दोन कोर्टं सांभाळायची असतील तर तोही काय करणार.

सरकारने मागे घेतलेल्या केसेसचा आकडा पण विचारा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे याचा नवा कायदा) कलम ३६० मुळे आता पीडिताला बोलायची संधी दिल्याशिवाय कोर्ट खटला मागे घेऊ देऊ शकत नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'ब' भरून पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, त्यालाही २० रुपये. अर्जाची पोच आणि पोस्टाची पावती जपून ठेवा, दोन्ही अपिलांना ती लागते.