तुमचं स्वयंपाकघर: कोणता निर्णय कोणाचा आणि तो कधीपर्यंत बदलता येतो

एका स्वयंपाकघरावर किमान सहा जणांचे हात फिरतात: तुमचे, आमच्या डिझायनरचे, गवंडी, प्लंबर, वायरमन आणि सुताराचे. काम बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या सूचना वेगळ्या. ‘सगळे मिळून ठरवू’ म्हटलं की कोणीच ठरवत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक निर्णयाला एक धनी नेमतो.

ओट्याची उंची रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती ठरवते. सर्रास 32 ते 34 इंच ठेवतात, पण पाच फूट उंचीच्या माणसाला 34 इंचांवर पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागतात. आम्ही साईटवर विटा रचून वर फळी टाकतो. तुमचं पोळपाट-लाटणं घेऊन या आणि हात फिरवून बघा. एखादी वीट कमी-जास्त करायला दोन मिनिटं लागतात, ग्रॅनाइट बसल्यावर ते जमत नाही.

मिक्सरचा प्लग कुठे, हे तुम्ही सांगायचं. वायर किती जाडीची, हे वायरमनचं. त्यात आम्हीसुद्धा तोंड घालत नाही. रंग आणि लॅमिनेट पूर्णपणे तुमचं.

धनी ठरला तरी बदलाला जागा असते. ओट्याची उंची, सिंक, नळ आणि प्लग लाद्या बसेपर्यंत हलवता येतात. शेगडी आणि सिंकची मापं ग्रॅनाइट कापायच्या आधी पक्की हवीत. ड्रॉवरचं मात्र नीट समजून घ्या. सुतार 8 बाय 4 फुटांच्या प्लायवूडवर सगळ्या खणांची मापं एकत्र आखतो. त्यामुळे कापणी झाल्यावर एक ड्रॉवर रुंद करायचा तर शेजारचे दोन खण बिघडतात. कापणीआधीच्या बदलाला आम्ही पैसे घेत नाही. नंतरच्या बदलाला माल आणि मजुरी लागेल तेवढी लागते.

एकदा चिमणीची जागा फोनवर बदलली. आमचा डिझायनर ‘हो’ म्हणाला आणि वायरमनला सांगायचं राहिलं. बसलेल्या लाद्या फोडाव्या लागल्या, खर्चही आम्हीच सोसला. तेव्हापासून साईटवर भिंतीला एकच ड्रॉइंग चिकटवलेलं असतं. बदल त्यावर लाल पेनने उतरतो आणि शेजारी तारीख व धन्याची सही पडते. व्हॉट्सअॅपवर जरूर कळवा, पण कागदावर आल्याशिवाय कामाला हात लागणार नाही.

हे कारागिरांनाही लागू आहे. कोपऱ्यातलं दार फ्रीजच्या हँडलला अडेल, हे बहुतेक वेळा आधी सुताराच्याच लक्षात येतं. तो परस्पर बदल करत नाही. काम थांबवतो आणि आम्ही तुम्हाला फोन करतो. तो फोन कोणी घ्यायचा, ते एकच नाव आम्हाला द्या. सासूबाई आणि सूनबाईंचं एकमत व्हायचं असेल तर ते आधी घरात होऊ द्या.

पहिल्या भेटीला फ्रीज, शेगडी आणि चिमणीची मापं आणा. घरातला सगळ्यात मोठा कुकरही मोजून घ्या, झाकणासकट.