गरजांपासून टेबलांपर्यंत : रिलेशनल डेटाबेसच्या आखणीची पार्श्वभूमी

१९६० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम कंपनीचा आयएमएस हा डेटाबेस, म्हणजे माहिती साठवणारी प्रणाली, आला, तेव्हा माहिती झाडासारखी रचली जाई. ग्रंथालयाची देवघेव घ्या. सभासदाखाली त्याने नेलेली पुस्तके लावली, तर सभासदाकडे काय आहे ते लगेच कळते. 'हे पुस्तक कोणाकडे आहे?' असे विचारले, आणि उलटी वाट आधी बांधलेली नसली, तर सगळे सभासद चाळावे लागत.

१९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी ही वाटच काढून टाकली. माहिती साध्या टेबलांत ठेवायची आणि जोडायची ती मूल्यांवरून. हाच रिलेशनल डेटाबेस. मग टेबले कोणती करायची? याचे उत्तर म्हणजे नॉर्मल फॉर्म, म्हणजे एकच माहिती टेबलात पुन्हा पुन्हा येऊ नये यासाठीचे नियम : पहिला त्याच लेखात, दुसरा-तिसरा पुढच्या दोन वर्षांत, आणि १९७४ मध्ये रेमंड बॉइस यांच्यासोबत मांडलेला अधिक कडक फॉर्म.

देवघेव रजिस्टरमध्ये दाखल क्रमांक (प्रत्येक प्रतीचा वेगळा क्रमांक), तारीख, शीर्षक, सभासद क्रमांक, सभासदाचे नाव असे रकाने आहेत. दाखल क्रमांक आणि तारीख मिळून की (एकेक नोंद वेगळी ओळखणारे रकाने) धरली, तर शीर्षक निम्म्या कीवरच, म्हणजे दाखल क्रमांकावर, अवलंबून आहे. इथे दुसरा फॉर्म मोडतो. नाव सभासद क्रमांकावर अवलंबून आहे आणि तो कीमध्ये नाही. इथे तिसरा मोडतो. पण तीच प्रत सकाळी परत येऊन दुपारी दुसऱ्याला जात असेल, तर मुळात कीच चुकली. हे रजिस्टर पाहून कळत नाही, ग्रंथपालालाच विचारावे लागते. फिलिप बर्नस्टाइन यांनी १९७६ मध्ये कोणता रकाना कशावर अवलंबून आहे याच्या यादीवरून तिसऱ्या फॉर्मची टेबले काढून देणारी रीत दिली, तरी यादी माणसाकडूनच यायची.

माणसांकडून माहिती समजून घेण्याची ती बाजू त्याच वर्षी पीटर चेन यांच्या एंटिटी-रिलेशनशिप आकृतीने धरली. वापरणाऱ्याच्या बोलण्यातली नामे म्हणजे एंटिटी (ज्यांची माहिती ठेवायची त्या गोष्टी), क्रियापदे म्हणजे त्यांच्यातले संबंध. संबंध एकाला-अनेक असेल (एका सभासदाच्या अनेक पावत्या) तर 'अनेक' बाजूच्या टेबलात फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीची की ठेवणारा रकाना. अनेकाला-अनेक असेल तर स्वतंत्र टेबल. १९८६ मध्ये टिओरी, यांग आणि फ्राय यांनी नॉर्मल फॉर्म आणि आकृती हे दोन्ही प्रवाह एका क्रमात बसवले : गरजांवरून आकृती, आकृतीवरून टेबले, आणि शेवटी नॉर्मलायझेशन, म्हणजे टेबले नॉर्मल फॉर्ममध्ये बसवणे. आजही बहुतेक ठिकाणी शिकवला जातो तो याच धर्तीचा क्रम.

चुका मात्र पहिल्याच पायरीवर होतात. ग्रंथपालाच्या तोंडी 'पुस्तक' म्हणजे कधी शीर्षक, कधी हातातली प्रत. मागणी नोंदवायची ती शीर्षकावर, द्यायची ती प्रत. दोन्हींचे एकच टेबल केले, की पाच प्रतींसाठी शीर्षक पाचदा लिहिले जाते आणि एका जागी दुरुस्त करायचे राहते. उलट टोकाची चूकही होते : वर्गणीचा दर सभासदाच्या वर्गावरून ठरतो म्हणून पावतीवरची रक्कम काढून टाकतात. दर वाढला की जुन्या पावत्याही नव्या दराने दिसू लागतात. पावतीवरची रक्कम म्हणजे त्या दिवशी प्रत्यक्ष घेतलेले पैसे. तो रकाना पावतीच्याच टेबलात हवा.