कोर्स फुकट आहे हो, पण व्हिडिओ फिरतच राहतो

मेळघाटात धारणीकडच्या एखाद्या गावात संध्याकाळी सात-आठच्या सुमारास ऑनलाइन लेक्चर लावून पाहा, स्क्रीनवर तो गोल फिरत बसते अन् पोट्टं कंटाळून रील्सवर जाते. रील मात्र चालते, कारण ती असते छोटीशी आणि पुढची आधीच उतरून ठेवलेली. मग लोक म्हणतात पोरांना शिकायचंच नाही!

2011 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं एआयचा कोर्स नेटवर सगळ्यांसाठी खुला केला, दीड लाखाच्या वर लोकांनी नाव टाकलं. आपल्याकडे आयआयटीवाल्यांचं ऑनलाइन लेक्चरांचं एनपीटीईएल 2003 पासूनचं, केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम 2017 चं. शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट पाहिजे तरच परीक्षेची फी. पण अमेरिकेतल्याच एमआयटी-हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सेसचा हिशोब 2019 ला छापून आला तर 2017-18 मध्ये कोर्स पुरा करणारे निघाले शंभरात जेमतेम तीन, आणि शिकणारे बहुतेक श्रीमंत देशांतले. म्हणजे अडलं ते फीवर नव्हतंच.

आता तो गोल का फिरते ते बघू. सर्व्हरवर व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि एकेक तुकडा तीन-चार क्वालिटीत ठेवलेला असतो, नेट मंदावलं की प्लेअर हलका तुकडा मागतो. पण संध्याकाळी अख्खं गाव एकाच टॉवरवर, स्पीड सगळ्यांत वाटली जाते, अन् सगळ्यात हलका तुकडाही वेळेत आला नाही की थांबलंच. बरं, 1.5 एमबीपीएसचा (सेकंदाला 1.5 मेगाबिट) व्हिडिओ तासाला 675 एमबी खाते, म्हणजे दिवसाचा दीड जीबीचा पॅक दोन लेक्चरांत साफ! त्यात घरात फोन एकच, तोही बाबा वावरात घेऊन गेलेले.

नुसता आवाज म्हणाल तर 48 केबीपीएसनं तासाला 22 एमबीच्या आत बसते. आणि व्हिडिओ पाठवताना दर वेळी पूर्ण चित्र पाठवत नाहीत, मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच बहुतेक जाते. फळा काही हलत नाही, म्हणून फळ्यावरचं साधं लेक्चर हलकं. मागे अॅनिमेशन, कॅमेरा फिरतोय, की फाइल फुगली. त्यामुळे मला तरी ते चकचकीत स्टुडिओवाले कोर्स आपल्याकडच्या पोरांसाठी बिनकामाचेच वाटतात, खडू-फळावाले जुने सर परवडले.

नेटच नसेल तर स्वयम प्रभा आहे, म्हणजे सरकारचे शिकवणीचे टीव्ही चॅनेल, डिशवर दिसते, फुकट. सॅटेलाइटचा सिग्नल एकानं पाहिला काय अन् लाखानं पाहिला काय, वाटला जात नाही. रोज निदान चार तासांचं नवीन शिकवतात आणि तेच दिवसात आणखी पाच वेळा दाखवतात, म्हणजे लाइन गेली तरी पुढच्या खेपेला सापडते. फक्त डाउट विचारायची सोय टीव्हीत नाही, त्याला गावात कोणीतरी शिकलेला माणूस लागतेच, नाहीतर पहाटे टॉवर मोकळा असताना लेक्चर हलक्या क्वालिटीत, 240पी वर उतरवून घ्या, पुन्हा पुन्हा पाहा आणि जे अडलं ते वहीत लिहून कॉलेजातल्या सरांना गाठा.