जुन्या ड्रमचा आवाज कडेत असतो

चौदा इंची स्नेअर ड्रमवरचं प्लास्टिकचं पातळ हेड, म्हणजे ज्यावर ठोका पडतो तो पडदा, किती जोराने ताणलेलं असतं? पाव मिलिमीटर जाडीचं पॉलिएस्टर आणि २०० हर्ट्झचा मूळ स्वर धरून ढोबळ गणित मांडलं, तर परिघाच्या दर मीटरमागे सुमारे ३,००० न्यूटन ताण येतो. पूर्ण परिघाचा हिशेब केला तर साडेतीनशे किलो वजन टांगल्यासारखं. हेड आवळणाऱ्या दहा रॉडांनी हा भार वाटून घेतला तरी एकेकाच्या वाट्याला पस्तीस किलो येतात, आणि खालच्या हेडचा ताण वेगळाच. लाकडाच्या पातळ कड्याने हे ओझं अनेक दशकं सोसलेलं असतं. जुना ड्रमसेट घरी दुरुस्त करायला घेतला की बहुतेकांचा हात आधी पॉलिशच्या डबीकडे जातो. माझं ठाम मत आहे की आधी ते लाकूड तपासावं.

उदाहरणादाखल शिकागोच्या लुडविग या ड्रम बनवणाऱ्या कंपनीचा १९६० च्या दशकातला संच घेऊ. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स वाजवायला बसले. त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या बास ड्रमवरचं लुडविगचं नाव सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी पाहिलं आणि कंपनीकडची मागणी झपाट्याने वाढली. त्यामुळे त्या काळातले संच आजही जगभर सापडतात. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड, त्यांचे मुलगे केर्सी आणि बर्जोर, तसेच गोव्याहून आलेले अनेक वादक पाश्चात्त्य तालवाद्यं वाजवत होते. तेव्हा आलेला एखादा परदेशी संच कुणाच्या पोटमाळ्यावर निघाला, तर त्याने पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले असणार हे धरून चालावं.

या संचांचं शेल, म्हणजे ड्रमचं गोल लाकडी अंग, बहुतेकदा तीन थरांचं असतं. मध्ये पॉप्लर, बाहेरून मेपल किंवा महोगनी, आणि वर-खाली आतल्या बाजूने मेपलची जोडकडी. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्क्यांवर जाऊन स्थिरावतं, ४० टक्के असेल तर साडेसात टक्क्यांच्या आसपास. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. प्लायवुडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना आवरून धरतात, पण सगळा ताण मधल्या सरसावर येतो. कधीतरी तो सुटतो आणि थर उकलतात. उकललेल्या फटीत सुताराचा गोंद इंजेक्शनच्या सिरिंजने भरून शिकंज्यात एक दिवस आवळून ठेवलं की काम होतं. शेलची कड, म्हणजे ज्यावर हेड टेकतं ते टोक, घासायची असेल तर मात्र पाऊस संपून लाकूड कोरडं होईपर्यंत थांबावं. ऑगस्टमध्ये सपाट केलेली कड जानेवारीत सपाट राहीलच असं नाही.

ही कड तपासायला महागडं काही लागत नाही. स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा खरोखर सपाट असेल तर तोच पुरतो. सगळे दिवे मालवून शेल ओट्यावर पालथं ठेवायचं, आत टॉर्च लावायचा आणि कडेखालून उजेड कुठे झिरपतो ते पाहायचं. झिरपतो तिथे पेन्सिलने खूण. मग मोठ्या सपाट काचेवर सँडपेपर चिकटवून त्यावर शेल हलक्या हाताने गोल फिरवायचं, तेही मोजकंच. त्या काळातली कड आजच्यापेक्षा गोलसर असायची. तिच्यावर हेडचा जास्त भाग टेकतो, त्यामुळे वरचे स्वर लवकर दबतात आणि तो ऊबदार, आखूड ठोका मिळतो, ज्यासाठी लोक हे ड्रम शोधत फिरतात. नव्या पद्धतीची धारदार ४५ अंशांची कड कापून घेतली की जुनं लाकूड उरतं, जुना आवाज जातो. मी कुणालाच तसं करू देणार नाही.

एका जागी कड खाली असेल तर नेमकं काय बिघडतं हे समजून घेण्यासारखं आहे. गोल पडदा एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरतो. मूळ कंप्रता १ मानली तर पुढच्या १.५९, २.१४, २.३० अशा येतात. तारेसारखी दुप्पट, तिप्पट अशी सरळ पटीतली मांडणी इथे नसते, म्हणून ड्रमचा स्वर धूसर वाटतो. तबला आणि मृदंगावर शाई लावून आपल्या कारागिरांनी हीच मांडणी सरळ पटीत आणली, आणि सी. व्ही. रामन यांनी १९२० आणि १९३४ मध्ये त्यावर लिहिलं. ड्रमसेटला शाई नाही, तेव्हा जे आहे ते स्वच्छ ठेवणं एवढंच आपल्या हाती. १.५९ च्या कंपनात पडदा एका व्यासाच्या दोन बाजूंना आलटून पालटून वर-खाली होतो. तो व्यास कुठल्याही दिशेला असू शकतो आणि सगळीकडे ताण सारखा असेल तर कंप्रताही सारखीच राहते. कड किंवा ताण असमान झाला की या एकाच कंप्रतेच्या दोन होतात, अगदी जवळजवळच्या. दोन्ही एकदम वाजल्या की आवाज लहरत राहतो. हा लहरणारा आवाज ऐकून बरेच जण हेड बदलतात, टेप चिकटवतात, आणि दोष मात्र कडेत किंवा एका ढिल्या रॉडमध्ये असतो.

वरचं मोत्यासारखं चकाकणारं आवरण हा मला सगळ्यात नाजूक भाग वाटतो. त्या काळच्या अनेक संचांवर ते सेल्युलॉइडचं, म्हणजे कापूर मिसळून मऊ केलेल्या नायट्रोसेल्युलोजचं असतं. बोटाने जोरात घासलं की कधीकधी कापराचा वास येतो. वर्षानुवर्षं कापूर उडून जातो, पत्रा आकसतो आणि जोडाजवळ तडकतो. पांढरं आवरण पिवळं पडतं तेही या पदार्थाच्या जुनं होण्यामुळेच, घासून ते परत पांढरं होत नाही. हे जुन्या सिनेमाच्या फिल्मचंच रसायन आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्म आगीत गेली, त्यावरून ते किती ज्वालाग्राही आहे याची कल्पना यावी. म्हणून सुटलेलं आवरण हीट गनने किंवा इस्त्रीने मऊ करून चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. विजेवर चालणाऱ्या यंत्राने ते घासूही नका. मऊ कापड, कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब पुरे.

धातूच्या भागांना सरसकट एकच उपाय करणं ही नेहमीची चूक. हेडला कडेवर दाबून धरणाऱ्या पोलादी हूपवरचा, म्हणजे कड्यावरचा, क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्याखाली निकेल. बारीक छिद्रांतून पाणी पोलादापर्यंत पोचतं आणि गंजाचे ठिपके वर येतात. ॲल्युमिनिअमची फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून घासली की ते निघतात, कारण ॲल्युमिनिअम क्रोमपेक्षा खूपच मऊ आहे, क्रोमवर ओरखडा पडत नाही. गंजलेले सुटे रॉड सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्वाच्या पातळ द्रावणात ठेवून लगेच धुवून, पुसून, तेल लावता येतात. लग, म्हणजे रॉड ज्यांत शिरतात ते शेलवरचे भाग, मात्र त्यात चुकूनही टाकू नयेत. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि आम्ल जस्त खातं. त्या काळचा चकचकीत लुडविग स्नेअर असेल तर आधी चुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर शेल बहुधा ॲल्युमिनिअमचं आहे, त्यावरचं क्रोम फोडासारखं उठतं आणि जोराने घासलं की सोलवटतं.

रॉड हरवला असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू बसणार नाही. अमेरिकन रॉड साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीचा आणि इंचाला २४ आट्यांचा असतो. आपल्याकडचा पाच मिलिमीटरचा लगमध्ये खुळखुळतो, सहाचा शिरत नाही, आणि जोर लावला की लगमधला पितळी नट कायमचा जातो. लगच्या आत एक स्प्रिंगही असते. ठोका पडला की ती गुणगुणते, तिच्याभोवती फेल्टचा तुकडा गुंडाळायचा.

सगळं जोडल्यावर रॉड समोरासमोरच्या जोड्यांनी, अर्धा अर्धा फेरा आवळत जावं. मग प्रत्येक रॉडपासून इंचभर आत बोटाने टिचकी मारून स्वर जुळवावा. कंप्रता ताणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे स्वर एक सप्तक चढवायला ताण चौपट लागतो. साठ वर्षांच्या सरसावर चौपट ताण देण्याचं काही कारण नाही. हे ड्रम मध्यम ताणावरच छान बोलतात.

काम झाल्यावर संच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये. जुनं सेल्युलॉइड नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं, ती ओलीत मिसळून नायट्रिक आम्ल होतं, आणि ते तिथेच कोंडलं की आवरण आणखी वेगाने झिजतं. सुती कापड टाकून, हवा खेळती राहील अशा सावलीच्या जागी संच ठेवावा. दर पावसाळ्यानंतर आवरणाला लागून असलेले लग आणि स्क्रू तपासावेत. तिथे हिरवट डाग किंवा ताजा गंज दिसला, किंवा आवरण हाताला चिकट लागलं, तर त्या ड्रमला बाकीच्यांपासून वेगळी जागा द्यावी.