झुंजाररावाचा रंग कोणता?

शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' आज मराठीत उभं करायचं म्हटलं की तीन वाद ठरलेले. संशयापायी बायकोचा जीव घेणाऱ्या काळ्या सेनापतीचं, म्हणजे ऑथेल्लोचं, काम कुणी करायचं, पलंगावरच्या शेवटच्या प्रवेशात दोन देहांची जवळीक किती दाखवायची, आणि रूपांतर करणाऱ्याने स्वतःला लेखक म्हणवून घ्यायचं का. बेळगावकडे असलं नाटक नको, हे मुंबई-पुण्याचे विषय, असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं. हे तिन्ही प्रश्न या मातीत दीडशे वर्षं पडून आहेत.

सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. 1880 मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणण्याच्या कितीतरी आधी, 1866 मध्ये, त्यांनी बेळगावात भरतशास्त्रोत्तेजक मंडळी ही नाटक मंडळी काढली होती. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल बेळगावातच शिकले आणि पुढे इथे मास्तरही होते. याच देवलांनी 1890 मध्ये 'ऑथेल्लो'चं 'झुंजारराव' केलं. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर 1867 पासून होतंच, पण देवलांनी ऑथेल्लोच्या बायकोची, डेस्डिमोनाची, कमळजा केली, त्याचे कान भरणाऱ्या इयागोचा जाधवराव केला, आणि नाटक आपल्या घरातलं वाटू लागलं. लोकांनी ते देवलांचं नाटक म्हणूनच पाहिलं. त्यात मला काही गैर वाटत नाही. रूपांतर हीसुद्धा लेखकाचीच मेहनत असते. मात्र नायकाला सरदारी थाटाचं मराठी नाव मिळालं, की त्याच्या कातडीच्या रंगामुळे त्याला परका मानणारा समाज नजरेआड होतो. ही किंमत मोठी होती.

तेव्हा कमळजा पुरुषच करायचा. संशयाने पेटलेला नवरा आणि त्याच्या हाताखाली गुदमरणारी बायको, दोघेही पुरुष नट, आणि प्रेक्षक हेलावून जायचे. लुगडं नेसलेला पुरुष या भागाला नवा नव्हताच. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जत्रेत आजही हातभर हिरव्या बांगड्या, कपाळभर भंडारा, डोक्यावर 'जग' म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, अशा वेशात जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले पुरुष, दिसतात आणि चौंडकं या तंतुवाद्यावर गाणी चालतात. देवीला मुली सोडण्याच्या चालीवर कर्नाटकाने 1982 मध्ये कायद्याने बंदी आणली, ती हवीच होती. पण भक्त ज्या जोगत्याच्या पाया पडतो, त्यालाच गावात हसतो. स्त्रीपार्टी नटाला शालजोडी आणि जोगत्याला टोमणे, हा आपला दुटप्पीपणा आहे.

रंगाचा प्रश्न तर आणखी जवळचा. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज, सिद्दी, खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात राहतात. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, त्यांची वस्ती मोठी. कोकणी, मराठी, कन्नड त्यांच्या तोंडी असते. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींसाठी 2020 उजाडावं लागलं. निनासम या कर्नाटकातल्या नाट्यसंस्थेने 1980च्या दशकात सिद्दींना घेऊन नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीवर बेतलेलं कन्नड नाटक केलं. मराठी रंगभूमीने तोंडाला काळं फासून ऑथेल्लो करायचा, आणि दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या माणसाला विचारायचंही नाही, हे मला पटत नाही.

मग त्याला घेतलं, आणि तालमीत त्याने आपल्या बोलीत वाक्यं फिरवली, तर लेखक कोण? याचंही उत्तर इथलंच आहे. गोकाक भागात रंगणारं 'श्रीकृष्ण पारिजात' हे कन्नड लोकनाट्य मूळ अपराळ तम्मण्णांचं, त्याला खेळाचं रूप दिलं कुलगोडच्या तम्मण्णांनी. लोक दोघांचीही नावं घेतात. नव्या 'झुंजाररावा'च्या जाहिरातीत शेक्सपिअर आणि देवल यांच्या जोडीला त्या सिद्दी नटाचं नाव लेखक म्हणून छापावं, आणि मानधनाच्या पाकिटातही तो हिशेब धरावा.